दुःखाला सोबत हवी
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या या मेळाव्यात मी दुःखाविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु वधूवरांची यादी आणि गुणवंतांचा सत्कार एवढ्यानेच ज्ञातीचे कर्तव्य संपत नाही. कोणाच्या घरी मृत्यू आला असता धावून जाणे, हाही ज्ञातिधर्मच होय. तो आपण पाळतो. तेरा दिवस ते घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी मात्र जो तो आपल्या उद्योगास लागतो, आणि घरच्यांचा खरा शोक बहुधा तेव्हाच सुरू होतो.

शोकाच्या शास्त्रीय अभ्यासास एका भीषण दुर्घटनेने चालना दिली. अमेरिकेतील बॉस्टन शहरी २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ‘कोकोनट ग्रोव्ह’ या रंजनगृहास आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. तेथील मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी मृतांच्या आप्तांचा व इतर शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ साली निबंध प्रसिद्ध केला. काहींचा शोक वरवर दिसत नाही, पण तो पुढे भलत्याच रूपाने उफाळतो, असे त्यांना आढळले. पुढे लंडनचे जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात तीन खंड लिहून दाखविले की, मोजक्या माणसांशी जिव्हाळ्याचा बंध असणे ही मनुष्याची आजन्म गरज आहे. शोक हा त्या बंधाचाच ताण होय, तो मनाचा दुबळेपणा नव्हे.

मग उपचार तो कोणता? जो घाव नाते तुटल्याने झाला, तो भरण्यासही नात्याचाच आधार लागतो. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारकाच्या अंगी तीन गुण आवश्यक मानले: मनाचा सच्चेपणा, समोरच्याचा निरपेक्ष स्वीकार आणि त्याचे दुःख त्याच्या ठायी राहून जाणणे. असा उपचारक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भेटतो. तो उपदेश करीत नाही, ऐकतो. ज्याचा विश्वास पूर्वी कोणी मोडला असेल, तो उपचारकावरही रुसतो, संशय घेतो, भेट चुकवितो. त्याविषयीही तेथे मोकळेपणाने बोलणे होते आणि दुरावलेले नाते पुन्हा सांधले जाते. दुरावा आला तरी नाते टिकते, हा अनुभव घेऊन तो घरी परततो आणि स्वजनांशीही हळूहळू मोकळा होतो. वैधव्य, घटस्फोट, अपघात, निवृत्ती, परगावी स्थलांतर, अशा प्रसंगी हा मार्ग उपयोगी पडतो.

प्रत्येक शोकग्रस्तास उपचार हवाच असे नव्हे. प्रत्येकाने रडलेच पाहिजे असेही नव्हे. बहुतेकजण स्वकीयांच्या सहवासात सावरतात. परंतु सहा महिने उलटून, समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडेही शोक तितकाच तीव्र राहिला आणि नित्याचे व्यवहार ठप्प झाले, तर त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात विकार म्हटले आहे. तेथे मदत घ्यावी.

आणि येथेच आपले पाऊल अडते. ‘लोक काय म्हणतील? मुलीचे लग्न कसे जुळेल?’ या भयाने आपण दुःखी माणसास घरात दडवितो. उपचार घेणाऱ्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. परंतु ज्ञातीतील कुजबुज थांबविणारा कायदा कोठून आणावा? ते काम आपलेच आहे. स्थळ पाहताना ‘कोणी मानसोपचारकाकडे जाते का?’ असे विचारून तोंड फिरविणारे आपणच असतो ना?

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच. तेरावा झाल्यावर वर्षभर, महिन्यातून एकदा तरी, कोणीतरी त्या घरी जावे. सांत्वनाचे शब्द सुचले नाहीत तरी चालेल. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे आणि ऐकत बसावे. अधिक मदतीची गरज दिसल्यास मानसोपचारकाकडे सोबत जावे, अथवा शासनाच्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. दुःख वाटून घेणारी ज्ञाती हीच खरी ज्ञाती.