हिमवादळाची पुस्तकं आणि दोन बाई



सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही पंगतीकडे पळाल, म्हणून मुलांच्या पुस्तकांवर बोलते. मी मिनेसोटात राहते. तिथल्या वाचनालयात जुन्या हिमवादळांवरची मुलांची पुस्तकं मिळतात. लेकीसाठी आणता आणता मलाच त्यांची गोडी लागली.

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'द लाँग विंटर'मध्ये (1940) डकोटातला 1880-81 चा हिवाळा आहे. वादळात शाळेतून निघालेली मुलं वाट चुकतात. लॉरा गावाच्या टोकाच्या इमारतीवर आदळते, म्हणून सगळे वाचतात. त्यापुढे नुसतं माळरान होतं. लॉरेन टार्शिस यांचं 2018 चं पुस्तक 12 जानेवारी 1888 च्या वादळावर आहे. त्या दिवशी सकाळी हवा उबदार होती, म्हणून कित्येक मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग एकाएकी वादळ कोसळलं. दोनशेहून अधिक माणसं दगावली, त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ. म्हणून त्याला 'मुलांचं हिमवादळ' म्हणतात.

त्या दिवशी नेब्रास्कातल्या दोन तरुण बाईंपुढे एकच प्रश्न होता: थांबायचं की निघायचं? मिनी फ्रीमन यांच्या शाळेचं छप्पर उडालं. त्यांनी मुलांना जवळच्या शेतघरी सुखरूप नेलं आणि त्या देशभर गाजल्या. लोई रॉइस यांच्या शाळेतलं जळण संपलं. त्या तीन मुलांना घेऊन अगदी जवळच्या घराकडे निघाल्या, पण वाट हरवली. तिन्ही मुलं गारठून गेली. बाई वाचल्या, पण त्यांचे पाय कापावे लागले.

लेकीने विचारलं, "मग दुसऱ्या बाईंचं चुकलं का?" मी म्हटलं, नाही. दोघींनीही समोर दिसलं त्यावरूनच ठरवलं होतं. आमच्या कामात फक्त यशस्वी झालेले प्रयोग मोजले, तर निष्कर्ष हमखास फसतो. माणसांचंही तसंच. मुलांना मिनीबाईंची गोष्ट जरूर सांगावी, पण लोईबाईंचीही सांगावी. नाहीतर धाडस केलं की सगळं नीट होतं, असं मुलं धरून चालतील.

गुरुजनहो, जुलैच्या धो-धो पावसात घरचं माणूस येईपर्यंत तुम्ही आम्हाला व्हरांड्यात बसवून ठेवायचात. आम्ही कुरकुरायचो. तुमच्या डोक्यावर तेव्हा केवढं ओझं असायचं, ते ही पुस्तकं वाचताना कळलं.