चैत्रातले वाळवण: कुरडई

कुरडई हे चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हातले वाळवण. गहू साधारण 3 दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात. मग वाटून, पिळून, गाळून सत्त्व काढतात. रात्रभरात ते तळाशी बसते. वरचे आंबूस पाणी ओतून देतात. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून सत्त्व शिजवले की चीक तयार. खरी कसोटी इथेच: ढवळणारा हात थांबला की गुठळ्या. गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवर कापडावर वेटोळी घालतात, थंड झाल्यास सोऱ्या दाबणे जड जाते. राखणीला बसलेली मुले तेल घातलेला वाटीभर चीक आधीच फस्त करतात. 2-3 उन्हांत कुरडया खडखडीत वाळतात.