खडक, लाट आणि चित्रकार

समुद्राचे चित्र काढावयास सांगितले म्हणजे शाळेतील मुले बहुधा एकच चित्र काढतात. कागदाच्या मध्यावर पट्टीने आखलेली आडवी रेघ, तिच्याखाली निळा रंग, रेघेवर अर्धा बुडालेला सूर्य आणि शिडाचे एक होडके. या चित्रात चूक अशी काहीच नसते. नसतो तो फक्त समुद्र. आषाढातला खवळलेला दर्या ज्याने आपल्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिला आहे, त्याला हे सांगावयास नको. परंतु मग समुद्र चित्रात आणावयाचा कसा? जी वस्तू क्षणभरही स्थिर राहत नाही, ती स्थिर कापडावर कशी उतरवावी? या प्रश्नाला क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने जे उत्तर दिले, त्याचा आज थोडा विचार करू.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतासमोर अटलांटिक महासागरात बेल-ईल नावाचे एक बेट आहे. नावाचा अर्थ 'सुंदर बेट'. मुख्य भूमीकडील त्याची बाजू सौम्य आहे. परंतु महासागराकडे तोंड करून असलेल्या बाजूला तेथील लोकच 'रानटी किनारा' म्हणतात. तेथे वाळूची पुळण क्वचितच. उभे तुटलेले कडे, आणि कड्यांपासून अलग होऊन पाण्यात एकाकी उभे राहिलेले सुळके. एका जागेचे नाव पोर-कोतों, म्हणजे 'कापसाचे बंदर'. वादळात तेथे पिंजलेल्या कापसासारखा फेस उसळतो, म्हणून हे नाव.

या बेटावर मोने 1886 च्या सप्टेंबरात उतरला. पंधरवडाभर राहावे एवढाच त्याचा बेत होता. प्रत्यक्षात तो नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत राहिला, आणि वयाची सेहेचाळीस वर्षे त्याने तेथेच पुरी केली. मुक्काम होता केर्व्हिलाउएन नावाच्या, मोजक्या घरांच्या एका वाडीत. समुद्र त्याला नवा नव्हता. ल हाव्र या बंदरात त्याचे बालपण गेले होते, आणि उघड्यावर बसून चित्र काढण्याचा धडा त्याला तेथेच बुदँ या वडीलधाऱ्या चित्रकाराकडून मिळाला होता. परंतु तो समुद्र जहाजांचा, धक्क्यांचा, हवा खावयास आलेल्या माणसांचा. बेल-ईलचा समुद्र माणसाची दखलच घेत नव्हता. आजवर कमावलेला हात येथे पुरा पडत नाही, हे मोनेच्या लवकरच ध्यानात आले.

येथे धीराची कसोटी होती. त्याची चित्रे विकणारे व्यापारी द्युराँ-र्‍युएल यांचे मत असे की, मोनेने दक्षिणेकडे जावे. त्याचा पिंड ऊन रंगविणाऱ्याचा. व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला वाजवी होता. मोनेने कळविले ते असे की, हा भीषण प्रदेश आपल्याला सवयीबाहेरचे काही करावयास लावतो, म्हणूनच तो आपल्याला हवा आहे. ज्या गोष्टीने नाव झाले तीच आयुष्यभर करीत राहण्याचा मोह कोणत्याही धंद्यातील माणसाला चुकत नाही. तो मोह बाजूस सारणे किती कठीण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

काम करण्याची रीतही ऐकण्याजोगी आहे. पोली नावाचा एक कोळी त्याचे सामान कड्यांवर वाहून नेई. त्याचे चित्रही मोनेने काढले. वाऱ्याने चित्राची घोडी उडू नये म्हणून ती दोरांनी आणि दगडांनी जखडावी लागे. पण वाऱ्याहूनही मोठी अडचण प्रकाशाची. ढग सरकला की पाण्याचा रंग बदले. भरती चढली की खडकाचा आकार बदले. यावर मोनेचा उपाय साधा होता. तो एकाच वेळी अनेक चित्रे हाती घेई. हवा पालटली की एक बाजूला ठेवून दुसरे पुढे ओढी, आणि पहिल्यासारखी हवा पुन्हा येण्याची वाट पाही. अशी सुमारे चाळीस चित्रे घेऊन तो परतला व त्यांपैकी कित्येकांवर त्याने घरी शेवटचा हात फिरविला. पुढे 1890 नंतर गवताच्या गंजी आणि रूआँचे कॅथीड्रल यांच्या ज्या चित्रमालिका गाजल्या, त्यांची पूर्वतयारी या कड्यांवर झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

यांपैकी एक चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. रुंदी दोन हातांहून थोडी कमी, एवढेच ते कापड. क्षितिजरेषा अगदी वर नेलेली; त्यामुळे आकाशाला एक अरुंद पट्टी तेवढी उरली आहे. होडी नाही, पक्षी नाही, माणूस नाही. काळपट, जांभळट सुळके आणि त्यांच्याभोवती पाणी. पाण्यात शोधून पाहा, एकही लाट पुरी रेखलेली सापडणार नाही. निळे, हिरवे, जांभळे, पांढरे असे आखूड, वळलेले फटकारे एकावर एक पडलेले आहेत. खडकावरचे फटकारे मात्र त्याच्या चढउताराप्रमाणे चालतात. एक पदार्थ अडवितो, दुसरा धडका देतो, हे कुंचल्याच्या चालीवरूनच कळते. मोनेने लाटेची आकृती काढली नाही. खडक आणि पाणी यांचे भांडण काढले. भांडणाला स्थिर आकार नसतो, म्हणून ते स्थिर कापडावर मावू शकले.

हे चित्र प्रथम गुस्ताव्ह कायबोत या चित्रकाराच्या संग्रही होते. 1894 मध्ये तो वारला, तेव्हा मित्रांच्या चित्रांचा आपला संग्रह त्याने राष्ट्राला दिला होता. त्यावर मोठा वाद माजला व सरकारने त्यातील काही भागच स्वीकारला. स्वीकारलेल्यांत हे चित्र होते, हे आपले भाग्य.

आपल्यापैकी बहुतेकांना हे चित्र छापील प्रतीतच पाहावयास मिळणार. प्रतीत रंग येतात, रंगाची जाडी येत नाही. फेसाच्या ठिकाणी चढलेला पांढऱ्या रंगाचा थर सपाट होतो. तेव्हा प्रत हाती आली, तर तिच्याकडून मूळ चित्राची अपेक्षा करू नये. पाहण्याची रीत तेवढी तिच्यापासून घ्यावी. ती रीत शिकण्यास पॅरिसला जावे लागत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने एकच खडक निवडावा, आणि तो सकाळी, भर दुपारी, ओहोटीला आणि पावसाच्या सरीत असा आठ दिवस पाहावा. कुंचला हाती धरण्याचीही गरज नाही. समुद्र निळा असतो, हे आपण पुस्तकात शिकलो. तो केव्हा केव्हा निळा असतो, हे मात्र ज्याचे त्याने पाहूनच ठरवावयाचे असते.