चहाला बोलावणे सर्वांना



आजचा विषय वरवर पाहिला तर किरकोळ वाटेल. गावातल्या महिला मंडळाचे चहापान ठरले, तर त्या वेळी कोणते साधे खेळ खेळावेत, एवढाच तो आहे. पण खेळ निवडताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. चहाला कोण कोण येणार, आणि आलेल्यांपैकी कोण नुसत्या भिंतीला टेकून बसणार? त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या.

आपल्याकडे बायकांनी एकत्र जमण्याचे प्रसंग काही थोडे नाहीत. चैत्रात गौरीचे हळदीकुंकू असते, तेव्हा आंब्याची डाळ आणि पन्हे मिळते. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागते. आश्विनात भोंडला, कुठे त्यालाच हादगा म्हणतात, विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई. संक्रांतीला वाण लुटतात. हे सगळे प्रसंग गोड आहेत. परंतु हळदीकुंकवाचे बोलावणे सवाष्णीला जाते, मंगळागौर नव्या नवरीची असते, भोंडला मुलींचा. जिचा नवरा वारला, किंवा जिला नवऱ्याने टाकले, तिने यांतल्या बऱ्याच ठिकाणी जायचे कसे? ती बिचारी घरात काहीतरी काम काढून बसते.

चहाचे तसे नाही. चहाला मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही आणि सवाष्णही लागत नाही. म्हणून मंडळाने वर्षातून चार वेळा नुसत्या चहाला बोलवावे, आणि ते बोलावणे सगळ्या आळ्यांना, सगळ्या घरांना, प्रत्येक बाईला जावे.

ही काही नवी कल्पना नव्हे. पुण्यात १८५२ साली सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा कोणत्याही जातीची बाई असो, सर्वांनी एकाच जाजमावर बसावयाचे, असा नियम ठेवला होता. अगदी अलीकडची गोष्ट पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे प्रकार यापुढे बंद. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव कागदावर होतो; तो खरा उतरतो तो अशा जाजमावर. तेव्हा आपले चहापान तसेच असू द्या. जाजम एक आणि कपही सगळ्यांना सारखे.

आता खेळांकडे वळू. माझे तीन साधे नियम आहेत. खेळाला लिहिता-वाचता येण्याची अट नको. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीलाही तो बसून खेळता यावा. आणि ज्यात हरणाऱ्या बाईची फजिती होईल असा खेळ नको.

पहिला खेळ जागा बदलण्याचा. बायका जमल्या की ज्या आळीतून आल्या त्या आळीच्या घोळक्यातच बसतात. सासूच्या पाठीमागे सून, जावेशेजारी जाऊ. ही बसण्याची घडी मोडावी, पण ती हसत हसत. त्यासाठी म्हणी वाटाव्यात. एकीच्या कानात सांगावे, ‘नाचता येईना’. दुसऱ्या टोकाला बसलेलीच्या कानात सांगावे, ‘अंगण वाकडे’. एकीला ‘अति तिथे’, दुसरीला ‘माती’. मग ज्याने त्याने आपली अर्धी म्हण मोठ्याने बोलत दुसरा अर्धा भाग शोधावयाचा. पाच मिनिटे नुसता गलका होतो. तो शमला की पाटलीणबाईंच्या शेजारी खालच्या आळीची एखादी पोरसवदा सून बसलेली दिसते, आणि दोघी हसत असतात. या जोड्या शेवटपर्यंत मोडू नयेत.

दुसरा खेळ पुरचुंडीचा. जुन्या मऊ धोतराचे दहा तुकडे घ्यावेत. त्यांत ओवा, जिरे, मेथ्या, धणे, मोहरी, तीळ, जवस, बडीशेप, मिरे, लवंग असे एकेक बांधावे. पुरचुंड्या जाजमावरून फिरवाव्यात. हाताने चाचपावे, वास घ्यावा, पण गाठ सोडू नये. जोडीने आपसांत ठरवून शेवटी दहाही नावे सांगावयाची. या खेळात आज्यांना कुणी हरवू शकत नाही, बरं का. जिने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या बोटांत किती ज्ञान साठलेले असते, ते शिकल्यासवरलेल्या मुलींना इथे कळते.

तिसरा खेळ ताटातल्या वस्तूंचा. एका ताटात वीस वस्तू मांडाव्यात : किल्ली, सुई, बटण, कात्री, चमचा, शेंग, कापूर, आगपेटी, असे काहीही. वर रुमाल झाकावा. एक मिनिट रुमाल काढावा, पुन्हा झाकावा. आता जोडीतल्या एकीने आठवावे, दुसरीने लिहावे. जिला लिहिता येत नाही ती आठवणारी. म्हणजे न शिकलेली बाई शिकलेलीची भागीदारीण होते, आश्रित नव्हे. शिक्षकांनी हा खेळ वर्गातही करून पाहावा. मुलांचे लक्ष बांधायला तो फार उपयोगी आहे.

चौथा खेळ डबा ओळखण्याचा. तो थेट भोंडल्यातून आलेला आहे. भोंडल्यात गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखावयाची असते, तशीच इथे चहाबरोबरची खाण्याची वस्तू झाकून ठेवावी. प्रश्न विचारावेत, पण उत्तर मिळावे फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. गोड आहे का? तळलेले आहे का? पीठ लागते का? वीस प्रश्नांत ओळखले तर डबा उघडावा, नाही ओळखले तरी उघडावाच! चहा थांबत नाही.

आता थोडे ‘नाव घेण्या’विषयी. बाईने नवऱ्याचे नाव उच्चारू नये अशी जुनी चाल होती. तेव्हा ते यमकात गुंफून घेण्याची युक्ती बायकांनी काढली, आणि तिच्यातून केवढी तरी गंमत आणि कविता जन्माला आली. तो ठेवा जपलाच पाहिजे. परंतु चहापानात ‘घे गं नाव, घे गं नाव’ असा आग्रह सुरू झाला, की ज्यांना नाव घ्यावयाचे उरलेले नाही त्या माना खाली घालतात. म्हणून इथे नाव घ्यावे ते आपल्या आवडीच्या कोणाचेही. आईचे, मैत्रिणीचे, गावच्या नदीचे, आपल्या गाईचे सुद्धा! कसे, ते सांगतो :

आधणात सोडली गवती चहाची पात,
बाईंचं नाव घेते, ज्यांनी पाटीवर धरला हात.

यमक चुकले तरी चालेल, टाळ्या मात्र चुकू नयेत. एक उशी हातोहात फिरवावी, कुणीतरी पाठ करून थाळी वाजवावी, आणि थाळी थांबेल तेव्हा उशी जिच्या हाती असेल तिने नाव घ्यावे. जिला नको वाटेल तिने उशी पुढे द्यावी. ‘का’ म्हणून कुणी विचारू नये.

शेवटी ज्यांना हौस असेल त्यांनी झिम्मा-फुगडी घालावी. मंगळागौरीचे हे खेळ उत्तम व्यायाम आहेत, आणि ते सगळ्या बायकांचे आहेत. म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा. फुगडीला पाय घसरू नये म्हणून जाजम मात्र गुंडाळून ठेवावे.

बक्षिसाचा विचारही करावयास हवा. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांमुळे पैठणीचे खेळ आता गावोगाव पोचले आहेत. पैठणी सुंदरच आहे; पण मोठे बक्षीस ठेवले की खेळ मागे पडतो आणि चुरस पुढे येते. एकीला लुगडे मिळते आणि चाळीसजणी हिरमुसून घरी जातात. त्यापेक्षा गवती चहाचा एकेक ठोंब प्रत्येकीच्या हाती द्यावा. मंडळाचा खर्च जवळजवळ नाहीच, आणि पुढल्या पावसाळ्यात प्रत्येक परसात तो फोफावेल.

वेळ दुपारची तीन ते पाच ठेवावी. त्याआधी जेवणाची भांडी आवरलेली नसतात, आणि त्यानंतर धारा काढावयाच्या असतात. शेतीच्या सुगीत चहापान ठेवूच नये. मजुरीला जाणाऱ्या बाईला रोज बुडवून चहाला बोलावणे म्हणजे न बोलावण्यासारखेच आहे.

आणि एक नियम मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. चहा करणारी बाई जाजमावर येऊन बसल्याशिवाय पहिला खेळ सुरू करू नये. बहुतेक समारंभांत बाहेर हशा पिकत असतो आणि एक-दोघी आत आधणापाशी उभ्या असतात. बहुधा त्याच त्या असतात, दरवेळी. चहा आधी करून किटलीत भरावा, चुलीपाशी पाळीपाळीने जावे, कप सर्वांनी मिळून विसळावेत. शाळेतल्या बाईंनी आणि सरपंचबाईंनी पहिली पाळी घेतली, तर पुढच्या चहाला नियम सांगावाच लागणार नाही.

पुढल्या चहापानाची यादी करावयास बसाल तेव्हा खेळांची नावे मागाहून लिहा. आधी मागच्या खेपेला कोण आले नव्हते ती नावे लिहा, आणि त्या घरांना बोलावणे करायला कुणीतरी स्वतः जा.