इंडोनेशियातील तरुणांचे नागरिक-शिक्षण



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल की, इंडोनेशियातील पोरांना नागरिकशास्त्र कसे शिकवतात याच्याशी आपले काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. जेथे शेकडो भाषा बोलल्या जातात, अनेक धर्म शेजारी शेजारी नांदतात आणि पारतंत्र्य संपून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत, अशा देशाने आपल्या तरुणांना नागरिक करण्यासाठी काय काय केले, त्यातले काय फसले आणि काय साधले, हे आपण पाहणार आहोत. त्याच परीक्षेला आपल्यालाही बसायचे आहे. तेव्हा शेजारच्या बाकावरची उत्तरपत्रिका थोडी डोकावून पाहिली, तर त्यात गैर काही नाही.

प्रथम त्या देशाचा विस्तार ध्यानात घ्यावा. सतरा हजारांहून अधिक बेटे, सातशेहून अधिक भाषा आणि २०२० च्या जनगणनेप्रमाणे २७ कोटी लोक. त्यांतले बहुसंख्य मुसलमान. पण पूर्वेकडे ख्रिस्ती वस्तीची बेटे आहेत, बालीत हिंदू आहेत, बौद्ध आहेत, आणि गावोगावच्या जुन्या श्रद्धा पाळणारेही आहेत. त्यांच्या भाषेत नागरिकाला ‘वर्ग नगर’ म्हणतात, भाषेला ‘बहासा’ म्हणतात आणि गुरूला ‘गुरू’च म्हणतात. त्यांचे राष्ट्रीय ब्रीद ‘भिन्नेका तुंग्गल इका’ हे चौदाव्या शतकातील म्पू तंतुलार या कवीच्या काव्यातून घेतलेले आहे. भिन्न असूनही ते एक आहे, असा त्याचा आशय. एवढ्यावरूनच हे घर आपल्याला परके वाटू नये. शिवाय १९४७ साली डच फौजांचा वेढा चुकवून सुतान शारीर यांना विमानाने बाहेर काढणारा वैमानिक आपल्या ओरिसाचा होता, त्यांचे नाव बिजू पटनायक. १९५० साली आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आले, ते राष्ट्राध्यक्ष सुकार्नो.

आता मूळ कथेकडे वळू. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तरुणांची एक परिषद भरली होती. जावा, सुमात्रा, अंबोन, सेलेबीस अशा निरनिराळ्या बेटांच्या तरुण संघटनांचे प्रतिनिधी तेथे जमले होते. डचांचे पोलीस पहाऱ्यावर होते. अशा स्थितीत त्या तरुणांनी प्रतिज्ञा केली की, आमची मायभूमी एक, आमचे राष्ट्र एक आणि आम्हांला जोडणारी भाषा इंडोनेशियन. ही इंडोनेशियन भाषा म्हणजे बंदरांत नि बाजारांत चालणारी मलायी भाषा. लोकसंख्येत सर्वांत मोठा गट जावाच्या लोकांचा, त्यांची भाषा वाङ्मयाने समृद्ध. ‘आमचीच भाषा राष्ट्रभाषा’ असा हट्ट त्यांना सहज धरता आला असता. त्यांनी तो धरला नाही. ज्यांना भाषेच्या प्रश्नावर पेटलेली गावे ठाऊक आहेत, त्यांना या संयमाची किंमत सांगावी लागणार नाही.

दुसरा प्रसंग १९४५ सालचा. १ जून रोजी सुकार्नोंनी ‘पंचशील’ मांडले. त्याचे अंतिम रूप असे: एकेश्वरावर श्रद्धा, न्याय्य व सुसंस्कृत मानवता, इंडोनेशियाची एकता, विचारविनिमयातून चालणारी लोकशाही आणि सामाजिक न्याय. पुढे मसुद्यात, मुसलमानांनी शरियतचे पालन करावे, अशा अर्थाचे सात शब्द घातले गेले. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी ते सात शब्द काढून टाकण्यात आले. पूर्वेकडील ख्रिस्ती बेटांना ते राष्ट्र परके वाटू नये, म्हणून महंमद हत्तांनी मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलून हे घडवून आणले.

या दोन प्रसंगांत माझ्या मते इंडोनेशियाचे सगळे नागरिकशास्त्र आहे. एकदा मोठ्या भाषिक गटाने हात आखडता घेतला, एकदा मोठ्या धर्मगटाने. ज्याच्या हातात संख्येचे बळ आहे, त्याने ते सगळेच्या सगळे वापरायचे नाही, हा तो धडा. आणि गंमत पाहा, हा धडा ज्यांनी घालून दिला, त्यांच्यापैकी कोणी शाळेत नागरिकशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते.

पुढे मात्र पुस्तक आले. ते कसे आले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. १९५५ साली तेथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुमारे पावणेचार कोटी लोकांनी मते दिली. परंतु मंत्रिमंडळे टिकेनात, बेटांवर बंडे झाली, आणि जुलै १९५९ मध्ये सुकार्नोंनी घटनासमिती बरखास्त करून ‘मार्गदर्शित लोकशाही’ आणली. १९६५ च्या उठावानंतर कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसे मारली गेली. सेनापती सुहार्तो सत्तेवर आले आणि १९९८ पर्यंत राहिले.

सुहार्तोंच्या राजवटीला नागरिक-शिक्षणाचे फार प्रेम. १९७५ च्या अभ्यासक्रमात ‘पंचशील नीतिशिक्षण’ हा विषय आला. १९७८ साली पंचशील अंगी बाणवण्याचे मार्गदर्शक तत्त्व राष्ट्रीय सभेने मंजूर केले, त्याची ३६ कलमे पाडण्यात आली आणि त्यांचे वर्ग सुरू झाले. सरकारी नोकर, शिक्षक, विद्यापीठात नव्याने येणारे विद्यार्थी, सर्वांना हे वर्ग करावे लागत; कोठे ४५ तासांचे, कोठे १०० तासांचे. शेवटी प्रमाणपत्र मिळे. १९८५ च्या कायद्याने तर प्रत्येक सामाजिक संघटनेला पंचशील हाच आपला एकमेव पाया असल्याचे मान्य करावे लागले. दर सोमवारी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होई, तेव्हा पंचशीलाचे सामूहिक वाचन होई. ते आजही होते.

भगिनींनो आणि बंधूंनो, यात वाईट काय? पाचही तत्त्वे चांगलीच आहेत. वाईट हे की, त्यांवर प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. चौथे शील विचारविनिमयाचे. पण वर्गात विचारविनिमय नाही. पाचवे सामाजिक न्यायाचे. पण गावातल्या जमिनी कोणी बळकावल्या, हे कोणी विचारले तर तो पंचशीलाचा वैरी ठरे. १९६५ विषयी सरकारने १९८४ साली एक चित्रपट काढला. दर सप्टेंबरमध्ये तो मुलांना सक्तीने दाखवत. मारल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्यांची कथा त्यात होती. त्यानंतर मारल्या गेलेल्या लाखोंची नव्हती. ज्या घरांतली माणसे त्या कत्तलीत गेली, त्या घरांतल्या मुलांनीही तोच चित्रपट पाहिला आणि घरी येऊन काही विचारले नाही. नागरिक-शिक्षणाने मुलांना गप्प बसणे उत्तम शिकवले होते.

आता या शिक्षणाचे फळ पाहा. मे १९९८ मध्ये आर्थिक संकटाने देश हवालदिल झाला. १२ मे रोजी जाकार्तात त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले. विद्यार्थ्यांनी संसदेची इमारत व्यापली आणि २१ तारखेला सुहार्तोंनी राजीनामा दिला. पण त्याच आठवड्यात चिनी वंशाच्या नागरिकांची दुकाने जळाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, हजारावर माणसे मेली. पुढल्या वर्षी, १९ जानेवारी १९९९ रोजी, ईदच्या दिवशी, अंबोनमध्ये एका बसचालकाचे नि उतारूचे भांडण झाले, आणि त्यातून मुसलमान व ख्रिस्ती यांचा असा संघर्ष पेटला की तो फेब्रुवारी २००२ च्या मालिनो करारापर्यंत धुमसत राहिला. हजारो माणसे गेली. चूड हाती घेणाऱ्या तरुणाला तिसरे शील पाठ नव्हते काय? खात्रीने पाठ होते. एकतेचे पाठांतर झाले होते. शेजाऱ्याशी मतभेद झाला तर तो कसा सोडवायचा, याचा सराव मात्र कधी झालाच नव्हता.

म्हणून १९९८ मध्येच ते ३६ कलमांचे शिक्षण रद्द झाले. त्याच्या जागी काय आणावे, याचा विचार सुरू झाला. जाकार्ताच्या सरकारी इस्लामी विद्यापीठाने २००० च्या सुमारास लोकशाही, मानवी हक्क आणि नागरी समाज यांवरचा नवा अभ्यासक्रम आणला, आणि त्यात शिक्षकाच्या भाषणापेक्षा चर्चेला जागा दिली. लोकशाहीचे शिक्षण इस्लामी विद्यापीठाने पुढाकार घेऊन द्यावे, ही गोष्ट पुष्कळांचे गैरसमज दूर करणारी आहे. शाळांतून ‘आम्ही इंडोनेशियन राष्ट्र’ या नावाचा एक उपक्रम सुरू झाला. मुलांनी आपल्या गावचा एक प्रश्न निवडायचा. समजा, तुंबलेले गटार. त्याची माहिती काढायची, कायदा काय म्हणतो ते पाहायचे, उपाय सुचवायचे आणि ते मोठ्यांच्या सभेत मांडायचे. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकाही आता अनेक शाळांत मतपेटी, प्रचारभाषणे आणि उघड मोजणी यांसह होतात.

गटाराच्या प्रश्नातून राष्ट्र कसे घडणार, असे कोणी विचारील. त्याला मी २०१४ सालचे उदाहरण देईन. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी विजयाचा दावा केला. देशात तणाव होता. निवडणूक आयोगाने पावणेपाच लाखांच्या घरात असलेल्या मतदान केंद्रांचे मोजणीतक्ते इंटरनेटवर ठेवले होते. काही तरुण संगणकतज्ज्ञांनी सुमारे सातशे स्वयंसेवक जमवले आणि ते तक्ते एक एक करून वाचून, आकडे नोंदवून, बेरीज लोकांपुढे मांडली. कोणी घोषणा दिल्या नाहीत, दगड उचलला नाही, बेरीज केली. राष्ट्रीय एकतेची एवढी मोठी सेवा त्या वर्षी दुसऱ्या कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

खरे तर तेथील निवडणूक हीच एक मोठी शाळा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये २० कोटींहून अधिक मतदार आणि आठ लाखांहून अधिक मतदान केंद्रे होती. सतरा वर्षे पुरी झाली की मत देता येते. प्रत्येक केंद्रावर गावातलीच सात माणसे काम पाहतात. मतदान संपले की त्याच जागी, लोकांच्या देखत, एकेक मतपत्रिका उघडून वर धरतात, आणि भिंतीवरच्या कागदावर रेघा ओढत जातात. शेजारीपाजारी, पोरेसोरे उभे राहून पाहतात. २०१९ साली या श्रमाने मतदान-कर्मचारी शेकड्यांनी दगावले, म्हणून २०२४ मध्ये वयोमर्यादा घालून तरुणांना अधिक बोलावण्यात आले. सतरा वर्षांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत शेजाऱ्यांची मते मोजतो, आपल्याला न आवडणाऱ्या उमेदवाराची रेघही इमानाने ओढतो. यापरता नागरिकशास्त्राचा तास कोणता?

पण सर्व काही ठीक चालले आहे असे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिक्षक बहुधा जुन्या पद्धतीत वाढलेले. पुस्तक नवे झाले तरी वर्गात आवाज एकाचाच. मंत्री बदलला की अभ्यासक्रम बदलतो, असे तेथे लोक गमतीने म्हणतात. हा अनुभव आपल्यालाही नवा नसावा. १९६५ ची गोष्ट अजून पुरती सांगितली जात नाही. पापुआत १९६९ साली हजारभर निवडक माणसांच्या संमतीवर त्या प्रदेशाचा निर्णय झाला. तेथल्या तरुणाला एकतेचे शील शिकवताना शिक्षक त्या प्रश्नाला काय उत्तर देणार? आणि समाजाला तडे जाताना दिसले की, जुने पाठांतर पुन्हा आणा, अशी हाकाटी उठते. त्या मागणीत भीती आहे. तरुणांनी प्रश्न विचारले तर देश फुटेल, ही ती भीती. इतिहास मात्र उलट सांगतो. प्रश्न दाबून धरले होते तेव्हा पूर्व तिमोर दुरावला आणि १९९९ च्या सार्वमतानंतर वेगळा झाला. आचेहने मात्र २००५ साली हेलसिंकीत वाटाघाटी होऊन करार झाला, तेव्हा बंदूक खाली ठेवली आणि तो देशात राहिला.

शेवटी अंबोनकडे एकदा पुन्हा जाऊ. तेथे गावागावांत ‘पेला’ नावाचा जुना संबंध असतो. एक गाव मुसलमानांचे, दुसरे ख्रिश्चनांचे, तरी दोन्ही गावे एकमेकांची भावंडे. मशीद बांधायची तर ख्रिस्ती भाऊ लाकूड आणणार, चर्च बांधायचे तर मुसलमान भाऊ. दंगलीने मुलांच्या शाळा धर्मवार वेगळ्या झाल्या होत्या. अलीकडे तेथील काही शाळांनी आपसांत अशी पेला बांधण्यास सुरुवात केली आहे. एका शाळेची मुले दुसरीकडे जाऊन बसतात, जेवतात, शिकतात. हे त्यांना कोणत्या कलमात सापडले नाही. आजोबांच्या रीतीतून सापडले.

साने गुरुजींना आंतरभारतीच्या रूपाने हेच हवे होते, आणि आपण अजून त्या कामाचा आरंभच करीत आहोत. आपल्याही मुलांना प्रतिज्ञा तोंडपाठ आहे. नागरिकशास्त्राचे गुणही ती मिळवतात. तेव्हा या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होतील, त्या वेळी आपण पालकांनी शिक्षकांना एवढेच विचारावे: या वर्षी आमची मुले गावचा कोणता प्रश्न हाती घेणार आहेत, आणि तो घेऊन ती आली तर नगरपालिका त्यांना बसायला खुर्ची देणार आहे का?