ओझे ओढणे आणि ओझे आवरणे

भोपाळ येथे १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याची स्थापना झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. १९७४ मध्ये ही संस्था भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने आणि प्रचंड ट्रान्सफॉर्मर यांसाठी हा कारखाना प्रसिद्ध आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर एकसंध असतो. शंभर टनांहून अधिक वजन भरले, तरी त्याचे दोन भाग करून दोन गाड्यांत घालण्याची सोय नसते. तो रस्त्याने न्यायचा, तर अनेक आसांच्या लांबलचक ट्रेलरवर ठेवावा लागतो आणि पुढे ‘पुलर’ नावाचे बळकट वाहन जोडावे लागते. असे धूड मुंगीच्या पावलाने निघाले, की बघ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : एवढे ओझे हे इंजिन ओढते तरी कसे?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु वाहतुकीच्या धंद्यात मुरलेला मनुष्य त्याच्या आधी दुसराच प्रश्न विचारील. ओढलेले ओझे आवरायचे कसे?

थोडा हिशेब मांडला म्हणजे या प्रश्नाचे मर्म ध्यानी येते. पुलर, ट्रेलर आणि माल मिळून वजन शंभर टन आहे असे समजू. सपाट, पक्क्या रस्त्यावर ते सावकाश चालते ठेवण्यास साधारणपणे एक टनाचा ओढ पुरतो. वीस मीटरांत एक मीटर असा चढ लागला, की वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे आणखी पाच टन, मागे खेचू लागतो. इंजिनाला आता सहा टनांचा ओढ द्यावा लागतो. तोच रस्ता उलट दिशेने उतरताना मात्र इंजिनाचे कामच संपते. चार टनांचा रेटा गाडीला अखंड पुढे ढकलीत राहतो. चढावर इंजिन कमी पडले, तर गाडी थांबते आणि सावध चालक चाकांना उटी लावून ती धरून ठेवतो. उतारावर ब्रेक कमी पडले, तर थांबण्याचा मार्गच उरत नाही. शिवाय सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड ढिली होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालून वेग इंजिनाच्या धाकात ठेवायचा असतो. इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून देणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

भोपाळच्या परिसरात हा हिशेब कागदावरचा राहत नाही. शहर माळव्याच्या पठारावर वसले आहे. दक्षिणेस औबेदुल्लागंज मागे पडले, की विंध्याचा घाट उतरून बुधनीला आणि पुढे नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागते. रेल्वेलाही बरखेडा-बुधनी घाटात जड गाड्यांसाठी मागे जादा इंजिन जोडावे लागले. बोरघाटात सदतिसास एक असा चढ असल्याने तेथील हे दृश्य मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना परिचितच आहे. रस्त्यावरच्या अतिजड ट्रेलरलाही घाटात अशीच जोड देतात. चढावर मागचा पुलर ढकलतो आणि उतारावर तोच मागे धरून ठेवतो.

पुलरच्या पाठीवर पुष्कळदा लोखंडाचे किंवा दगडमातीचे वजन लादलेले दिसते. आधीच एवढे ओझे असताना हा आणखी भार कशासाठी, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु इंजिनाची शक्ती चाकांवाटेच रस्त्याला मिळते आणि चाकाची पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. हलके वाहन कितीही शक्तिमान असले, तरी त्याची चाके जागच्या जागी फिरतील. पावसाने रस्ता ओला झाला, की हीच पकड आणखी घटते. म्हणजे कोरड्या दिवशी जी मर्यादा होती, ती ओल्या दिवशी राहत नाही.

वाहनाच्या मर्यादेबरोबर वाटेचीही मर्यादा पाहावी लागते. १० एप्रिल २०२२ रोजी भोपाळ-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर, इटारसीच्या दक्षिणेस सुखतवा नदीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल १३८ चाकांचा ट्रेलर जात असता कोसळला. हा ट्रेलर अवजड यंत्र घेऊन इटारसीकडे निघाला होता. त्या महत्त्वाच्या मार्गावरील वाहतूक खोळंबली आणि पुढे लष्कराच्या अभियंत्यांना तेथे बेली पद्धतीचा पूल उभारावा लागला. चाके वाढवली म्हणजे प्रत्येक चाकाखालच्या रस्त्यावरील भार कमी होतो, हे खरे. परंतु पुलाच्या एका गाळ्यावर जितकी चाके एका वेळी येतात, त्या सर्वांचा भार त्या एका गाळ्यालाच पेलावा लागतो. यास्तव अतिजड माल निघण्यापूर्वी वाटेतील प्रत्येक पुलाची तपासणी ही औपचारिकता न मानता प्रवासाचा पहिला टप्पा मानला पाहिजे.

शंभर टनांची वाहतूक थोड्यांच्या वाट्यास येते. ट्रॅक्टरमागची ट्रॉली मात्र गावोगाव आहे. गव्हाच्या दिवसांत भोपाळच्या बाजारसमितीकडे त्यांची रांग लागते. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सारे ओझे ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येते. उतारावर किंवा वळणावर एकदम ब्रेक दाबला, की मागची ट्रॉली पुढे रेटते आणि दोहोंची कात्रीसारखी घडी होते. वेग वीसवरून चाळीसवर नेला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते.

भार कोठे ठेवावा, हे तर बैलगाडी हाकणाऱ्यास शिकवावे लागत नसे. मागे वजन जास्त झाले तर गाडी उलाळ होते, पुढे झाले तर धुरजड होते, हे त्याला ठाऊक असे. ट्रॉलीलाही तोच नियम लागू आहे. मागे जड झालेली ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे घेते. पुढच्या हुकावर फाजील वजन पडले, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. रुतलेले वाहन काढताना साखळी ट्रॅक्टरच्या मागल्या आसाहून उंच बांधणे सर्वांत घातक आहे. ट्रॅक्टर क्षणार्धात मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो. ओढ नेहमी खालच्या, त्याच कामासाठी दिलेल्या दांड्यालाच द्यावी. लग्नाची वऱ्हाडे आणि यात्रेकरू अशा ट्रॉल्यांत बसवणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

कायद्याने हे सारे अंकांत बांधले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा अपराधास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठरला. जादा माल उतरवून घ्यावा लागतो, तो वेगळाच. हा दंड चुकवणारा पुष्कळदा चुकवतोही. परंतु घाटातल्या उताराशी तडजोड होत नाही.

म्हणून निघण्यापूर्वीची पाच मिनिटे मोलाची असतात. गाडी काट्यावर घालून वजन पाहावे आणि ते वाहन, ट्रेलर, हूक व टायर यांपैकी सर्वांत दुबळ्याच्या मर्यादेत आहे ना, हे ताडावे. हुकाची पिन व तिची खीळ हाताने चाचपावी, साखळी जोडावी, मागचे दिवे लागतात ना, ते पाहावे. दहा पावले गाडी चालवून ब्रेक दाबावा. गाडी तेथे हुकमी थांबली, तरच रस्ता धरावा. नाही तर माल उतरवून दुसरी खेप करावी.