रेषांत उरलेला मठ

उत्तर फ्रान्समधील सँ-रिकिए येथे शार्लमेनच्या दरबारातील मातबर मुत्सद्दी व कवी आंजिल्बेर यांनी आठव्या शतकाच्या अखेरीस जो भव्य मठ उभारला, त्याच्या जागी आज गॉथिक शैलीचे चर्च उभे असले, तरी मूळ वास्तूचे रूप एका कोरीव छापचित्रात टिकून आहे. भिक्षू हारिउल्फ यांच्या अकराव्या शतकातील बखरीतले चित्र पाहून केलेले ते छापचित्र पोल पेतो यांनी १६१२ साली प्रसिद्ध केले. पुढे १७१९ मध्ये मूळ हस्तलिखित अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. मुख्य देवालयावरील, मजल्यागणिक निमुळते होत जाणारे दोन गोल मनोरे, आणि तीन देवालयांना सांधणारी त्रिकोणी ओवरी त्या छापचित्रात आजही स्पष्ट दिसते. फ्रँक स्थापत्याच्या अभ्यासकांस हा कागद म्हणजे अमोल दस्तऐवजच होय.